अक्का खाली बसेपर्यंत

विशाखा,

पहिला दिवस सोडला तर तुझ्या गिटारच्या अ‍ॅम्पचा मास्टर, आवाजाचं ते बटण, चारच्या पुढं कधी गेला नाही. रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तो दहावर गेला. तुझ्याच भावानं नेला, मिलिंदनं. त्याचं पुढं काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी आपलं भांडण पुरं करू दे. जीपमध्ये अर्धवट राहिलेलं ते भांडण तसंच टाकून तू उठून गेलीस. ही काय पद्धत झाली?

समाज मंदिराच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लावलाय. त्यावर लिहिलंय, "गुणी कलावंत, शांत स्वभाव." शांत! बाई मेली की तिला ताबडतोब शांत करून टाकतात. जिवंत होतीस तेव्हा ह्याच लोकांना तू "पोरगी असून गिटार वाजवती" म्हणून खुपत होतीस. आता फोटोतल्या तुझ्या हातात गिटारसुद्धा नाही, गुलाबाचं फूल आहे. छापणाऱ्यानं कुठल्या तरी लग्नातल्या फोटोवरून कापून चिकटवलंय. मी फ्लेक्स उतरवायला गेले होते. मिलिंद म्हणाला, "असू दे ताई, लोकांनी प्रेमानं लावलंय." मग असू दिला. हल्ली मी बऱ्याच गोष्टी असू देते. तू असतीस तर हसली असतीस.

अ‍ॅम्प आला तो दिवस आठवतो का? उदगीरची एक लग्नाची ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली होती. डीजेपुढं त्यांना कोण बोलावणार? त्यांच्याकडून तू तो जुना, काळा, कपाटाएवढा अ‍ॅम्प उचललास. उदगीरपासून जीपच्या टपावर दोरीनं बांधून आणला. जीपवाला विचारायला लागला, "पेटीत काय हाय, ताई? फ्रीज?" तू म्हणालीस, "आवाज हाय. सांभाळून घ्या, सांडंल." आणि चिटगुप्प्यात घरी उतरवल्यावर अक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी. अक्का म्हणजे तुझी आत्या, आई गेल्यावर तुम्हा दोघांना वाढवलेली. "गिरणी हाय की आपली. अजून एक इंजिन कामून आणलीस घरात?"

त्याच पिठाच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत आपली पार्टी तालमीला बसायची. मिलिंद गायला, दोन पोरं ढोलकीला आणि कीबोर्डला, गिटारवर तू, आणि गाणी लिहायला मी. पहिल्या दिवशी मीच म्हणाले, "लाव फुल्ल." तू लावलास. एक तार छेडलीस आणि पत्रे थरथरले, वरच्या वाशांवर वर्षानुवर्षं बसलेलं पीठ भसकन खाली आलं. आपण सगळे पांढरेफटक. ढोलकीवाल्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. अक्का धावत आली, आपल्याला बघितलं आणि म्हणाली, "झालं? दळून झालं?"

आपण हसून हसून मेलो. (हा शब्द आता लिहून गेले. राहू दे. मी खोडणार नाही.)

पण त्याच संध्याकाळी गल्ली दारात आली. कुणाचं बाळ उठलं, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाचं बीपी. हीच गल्ली, जिच्यातून जत्रेचा डीजे जातो तेव्हा खिडक्यांच्या काचा हलतात आणि सगळे गच्चीवर उभे राहून नाचतात. ते मी त्यांच्या तोंडावर बोलले. दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं. मथळा होता, "तुमचा डीजे उत्सव, आमची गिटार त्रास?" घरोघरी वाटलं. अजूनही सांगते, त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. त्या वेळी तू काय करत होतीस? त्याच घरोघरी जाऊन विचारत होतीस, कुणाची परीक्षा कधी संपती, कुणाचं बाळ कधी झोपतं.

मी चिडले. "माझ्या पत्रकावर पाणी वतायलीस तू."

"न्हाई गं. तू पत्रक वाट. मी अ‍ॅम्पवर गोधडी घालते. बघू कोण आधी झोपतंय."

आणि खरंच गोधडी घातलीस. अक्काची जुनी, जाड गोधडी अ‍ॅम्पमागच्या पत्र्यावर टांगलीस. मग तुझे प्रयोग सुरू झाले. आवाज नुसता कमी केला की तो अ‍ॅम्प पोट दुखत असल्यासारखा कण्हायचा, त्यातली ती गुरगुर निघून जायची. आणि गुरगुर हवी म्हणून वाढवला की मिलिंदचा आवाज बुडायचा. मिलिंद ओरडून गायचा, मग ढोलकी जोरात, मग कीबोर्ड जोरात, मग तू अजून जोरात. तू म्हणालीस, "हे म्हणजे नळावरचं भांडण झालं. सगळे बोलायलेत, कुणाला काय कळंना." मग एक दिवस तू अ‍ॅम्पला खुर्चीवर बसवलंस आणि भिंतीला रेलून तोंड वर केलंस. "आजपर्यंत आपण गुडघ्याला ऐकवायलो होतो. माणसाला कान वर असतेत." अ‍ॅम्पचं तोंड तुझ्या कानाकडं झालं आणि तुलाच तो निम्म्या आवाजात पुरायला लागला. खालचा सूर उतरवलास, तर पत्रे गप झाले.

आणि ती दोन बटणं. डावीकडचा गेन, उजवीकडचा मास्टर. मला समजावलं होतंस, "गेन म्हंजे पोटातला राग. मास्टर म्हंजे तो किती लांब जाऊ द्यायचा ते. गेन मी कुणाच्या बापासाठी कमी करणार न्हाई. पण मास्टर माझ्या हातात." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुझा गेन बी फुल्ल, मास्टर बी फुल्ल. म्हणून तू बोलायलीस का बोंबलायलीस तेच लोकाला कळंना."

तेव्हा मी तुला मारायला उठले होते. आता ते वाक्य कुणी म्हणत नाही मला. सभेनंतर लोक म्हणतात, "ताई, जबरदस्त बोललात." काय बोलले ते कुणालाच सांगता येत नाही.

अक्काची पद्धतसुद्धा तुझीच. अक्काचा एक कान गेलेला, दुसरा अर्धा. म्हणून तू तिला प्रत्येक कार्यक्रमाला नेऊन मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवायचीस. ठरलेलं असायचं की गाण्याचा शब्द कळेनासा झाला की अक्कानं उभं राहायचं. ती उभी राहिली की तू गिटारवरचा हात सोडायचीस, मास्टर जरासा मागं घ्यायचीस, आणि तळवा जमिनीकडं करून बाकीच्यांना दोनदा दाबल्यासारखी खूण करायचीस: खाली, खाली. अक्का खाली बसेपर्यंत. मी म्हणायचे, "पुढच्या शंभर माणसांना सोडून एका अर्ध्या कानाच्या म्हातारीसाठी आवाज लावायलीस?" तू म्हणायचीस, "तिला कळालं तर शंभरांना कळतंयच की."

कमलनगरला ती मधेच उभी राहिली. तू कमी केलास. ती उभीच. अजून कमी केलास. शेवटी गिटार ऐकूच येईना, ढोलकीवाला घाबरून बोटांनी टकटक करायला लागला, मिलिंद कुजबुजल्यासारखा गायला लागला. गाणं संपल्यावर तू धावत मागं गेलीस. "अक्का, काय कळंना का?"

"कळालं की सगळं. चप्पल बघायले होते गं मी."

ती गोष्ट तू प्रत्येक जीपप्रवासात सांगायचीस. दर वेळी अक्का म्हणायची, "नवी चप्पल होती ती."

आता मन्नाएखेळ्ळी. आपलं भांडण तिथलं.

रस्त्याच्या कडेला स्टेज. मागून ट्रक जायलेत, हॉर्न वाजायलेत. समोर आपलेच लोक, आणि पलीकडं चहाच्या टपरीवर गावातली वजनदार मंडळी, पाय पसरून, तमाशा बघितल्यासारखी. मी तुझ्या कानात सांगितलं होतं, "आज दहावर जायचं. ट्रकच्या वर. टपरीच्या पार." तू गिटार गळ्यात घातलीस. नळाचं गाणं सुरू झालं, मी लिहिलेलं. "वरल्या आळीला पाणी येतंय, आमच्या नळाला वारा; वाऱ्यानं भरली घागर डोई, चढंना चढाव सारा." दुसऱ्या कडव्याला अक्का उभी राहिली. तुझा हात बटणाकडं गेला. नेमक्या त्याच वेळी टपरीवरून चार माणसं उठून स्टेजपाशी आली. त्यातला एक हसत म्हणाला, "ताई, जरा हल्लू. गावात त्रास व्हायलाय."

आणि तू मास्टर कमी केलास.

अक्का बसली. ती माणसंसुद्धा परत जाऊन बसली. एकानं दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारलेली मी पाहिली. माझ्या डोक्यात जे झालं ते तुला माहीत आहे. मी स्टेजच्या बाजूनं ओरडले, "वाढव! विशा, आत्ताच्या आत्ता वाढव!" तू मान हलवलीस. नाही.

जीपमध्ये मी तुला नको नको ते बोलले. पोटातला राग मास्टरखाली दाबलास, म्हणाले. त्यांनी बोट वर केलं आणि तू झुकलीस, म्हणाले. मिलिंद बाहेर बघत होता. अक्का झोपल्याचं नाटक करत होती. तू मांडीवरची गिटार सरळ केलीस आणि म्हणालीस,

"त्यांनी कमी कर म्हटलं म्हणून मी वाढवला असता, तरी बटण त्यांच्याच हातात राहिलं असतं की प्रज्ञा. मी अक्काकडं बघून वाजवते. ते कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. मला! चौकात उभी राहून तहसीलदाराला निरुत्तर करणारी मी, जीपमध्ये गप्प बसले. चिटगुप्पा आलं. तू उतरलीस. "उद्या ये, बोलू," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी आले नाही, मोर्चा होता. मग तुझ्या तालमी, माझ्या सभा. भेटत होतो, त्यावर बोलत नव्हतो.

पण उत्तर मला सापडलं होतं, विशाखा. नंतर सापडलं. ऐक. तू अक्काकडं बघितलंस हे मला माहीत, तुला माहीत, अक्काला माहीत. पण समोर आपली पोरं बसली होती. त्यांना मागं उभी असलेली अक्का दिसली नाही. त्यांची तोंडं स्टेजकडं होती. त्यांना एवढंच दिसलं की चार माणसं आली, "हल्लू" म्हणाली, आणि आपल्या ताईनं आवाज कमी केला. तू बरोबर होतीस आणि तरी त्या पोरांनी चुकीची गोष्ट घरी नेली. त्याचं काय? निदान माइकवर एवढं तरी सांगायचं होतंस, "हे मी अक्कासाठी कमी केलंय, तुमच्यासाठी न्हाई."

हे उत्तर घेऊन मी तुझ्याकडं येणार होते. तुझ्याकडं ह्यावरही काहीतरी असणार होतं. डोळे बारीक करून, तार जुळवत जुळवत, तू एक वाक्य बोलली असतीस आणि मी परत दोन महिने जळले असते. ते वाक्य मला आता कुणीच सांगणार नाही. मी स्वतः तुझ्या बाजूनं विचार करून बघते. जमत नाही. दर वेळी मीच जिंकते. असलं जिंकणं घेऊन काय करू?

आणि एक गोष्ट, जी मी कधी बोलले नाही. त्याच कार्यक्रमानंतर तू वायर गुंडाळत होतीस तेव्हा मन्नाएखेळ्ळीची एक बाई माझ्याकडं आली. "वाऱ्यानं भरली घागर डोई," तिनं अख्खं कडवं म्हणून दाखवलं, एका दमात, आणि विचारलं, "हे कुणी जोडलंय गं?" मी एवढी पत्रकं लिहिली. त्यांत लोकांनी भजी बांधली, पोरांनी विमानं केली. कुणी कधी माझी एक ओळ मला परत म्हणून दाखवली नव्हती. ट्रक, टपरी, हॉर्न, सगळ्यांतून माझे शब्द त्या बाईपर्यंत पोचले, कारण तू तुझी गिटार त्यांच्या वाटेतून बाजूला केलीस. तू वर बघितलंस. तू सगळं ऐकलं होतंस. आणि तरी मी जीपमध्ये बसल्याबरोबर तुझ्यावर तुटून पडले.

मग ताप आला. "असाच हाय, उतरंल," म्हणालीस. उतरला नाही. कलबुर्गीला नेलं तेव्हा तुझ्या हातावर लाल ठिपके होते. त्या दवाखान्याबद्दल मी वेगळं लिहिणार आहे, ते पत्रक कुणी थांबवू शकणार नाही. इथं एवढंच. भर दुपारी, वॉर्डात, "डॉक्टर येतील" असं सांगून सगळे निघून गेले होते आणि कुणी येत नव्हतं. मी ओरडायला लागले. माझा तो मोर्चाचा आवाज. भिंती हलतील असा. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण नुकतीच झोपली होती, ती दचकून उठली, तिचं बाळ रडायला लागलं. तू डोळे उघडलेस. हाताला सुई लावलेली, तरी तो हात उचललास. तळवा खाली. दोनदा.

मी गप्प झाले. मग हळू आवाजात, दारात बसलेल्या माणसाला हात जोडून म्हणाले, "बघा ना जरा, लई त्रास व्हायलाय तिला." तो फोन बघत होता. तो फोनच बघत राहिला.

म्हणजे ओरडूनही कुणी आलं नाही आणि हळू बोलूनही आलं नाही. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल हा असा लागला, विशाखा. तुझीही पद्धत हरली आणि माझीही. मला वाटायचं, आपल्यापैकी एकीची तरी बरोबर असेल.

आता रविवार.

समाज मंदिराच्या अंगणात मांडव. पुढं तुझा फोटो, वंदना झाली, चार जणांची भाषणं झाली, सगळ्यांत तू शांत. मग मिलिंदनं अ‍ॅम्प आणला. खुर्ची घेतली नाही, गोधडी घेतली नाही. सरळ जमिनीवर ठेवला, तोंड लोकांकडं. तुझी गिटार गळ्यात घातली. त्याला तीन-चार सूर येतात, तेवढेच. माइकवर म्हणाला, "ताईला आयुष्यभर सगळे हळू कर, हळू कर म्हणले. आज सगळ्या चिटगुप्प्याला ऐकू जाऊ द्या." आणि वाकून मास्टर शेवटपर्यंत फिरवला.

हे माझंच वाक्य होतं. मी सभांत म्हणते ते, फक्त 'आपल्याला'च्या जागी 'ताईला'. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानं नळाचं गाणं लावलं. पहिला सूर छातीवर आदळला. मांडवाचे पत्रे कडकडले. लहान पोरांनी कान दाबले. मिलिंद डोळे मिटून, रडत, गळ्याच्या शिरा ताणून गात होता आणि त्याच्या तोंडातून काय निघतंय ते कुणालाही कळत नव्हतं. घागर नाही, वारा नाही, काही नाही. नुसती गर्जना. मी वळून बघितलं.

शेवटच्या रांगेत अक्का उभी होती.

स्टेजवरून तिच्याकडं बघायला कुणी नव्हतं. मी ओरडले, "मिलिंद, कमी कर!" चौक गाजवणारा माझा गळा, विशाखा, माझा मलासुद्धा ऐकू आला नाही. मी पुढं जाऊन तळवा खाली केला, दोनदा, तुझ्यासारखा. त्याचे डोळे मिटलेले. मग मी अ‍ॅम्पच्या मागं गेले आणि भिंतीतली वायर उपटली.

ढोलकी दोन ठोके पुढं गेली आणि थांबली. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मिलिंदनं डोळे उघडले. "कामून बंद केलीस ताई? तू बी? तू तरी..."

"अक्का उभी हाय, मिलिंद."

त्यानं मागं बघितलं. मग तुझ्याकडं बघून बघून शिकलेला त्याचा हात आपोआप बटणाकडं गेला. वायर बाहेर होती, अ‍ॅम्प मेलेला होता, तरी त्यानं मास्टर मागं घेतला. सातवर. वर बघितलं. अक्का उभी. चारवर. अक्का उभी. दोनवर.

मी मागं गेले. तिचा हात धरला. तिच्या चांगल्या कानाशी म्हणाले, "अक्का, बस आता. बंद झालंय सगळं."

"व्हय. कळालं की."

"मग बस ना."

"काय ऐकूच येईना की गं मला," अक्का म्हणाली. ती फोटोकडं बघत होती.

मिलिंद अजून तिथंच वाकलेला होता. बटण आता शून्यावर होतं. तो अक्काकडं बघत होता आणि ते अजून मागं फिरवायला बघत होता. शून्याच्या मागं आकडा नव्हता.